वर्तणूक : समाधानकारक

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत, तीही नाश्ता आणि अंताक्षरी यांच्या मधली. म्हणजे पोटं भरलेली आणि मागच्या रांगेत गळे साफ करायला सुरुवात झालेली. पूर्वी या वेळेला भूगोलाचा तास असायचा, त्यामुळे डुलकी कशी काढायची हे तुम्हाला शिकवायला नको.

घरी जुन्या ट्रंकेत मला माझं नववीचं प्रगतिपुस्तक सापडलं. गणितात किती, इतिहासात किती हे जाऊ द्या. खाली एक रकाना आहे, ‘वर्तणूक’. त्यात एकच शब्द : ‘समाधानकारक’. इथं आल्यावर सकाळपासून मी सहा-सात जणांना विचारलं. सगळ्यांची वर्तणूक समाधानकारकच होती! जो वर्गात फटाका लावून पळाला होता त्याचीसुद्धा. बाई, सर, यात तुमचा दोष नाही. पन्नास-पन्नास मुलांची पुस्तकं एका रात्रीत भरायची म्हटल्यावर आणखी काय लिहिणार? पण गंमत बघा, मराठीत मार्कांनाही आपण गुण म्हणतो आणि माणसाच्या अंगातल्या चांगल्या गोष्टींनाही गुणच. पहिल्या प्रकारच्या गुणांची आपण दशांशापर्यंत मोजदाद केली. दुसऱ्या प्रकारच्या गुणांना एक रकाना आणि त्यात एक शब्द.

मी गेली अठरा वर्षं शाळांमधून समुपदेशनाचं काम करते, म्हणून हा विषय माझ्याकडे आला. मानसशास्त्राचीही बरीच वर्षं हीच तऱ्हा होती. माणसाला काय काय आजार होऊ शकतात याच्या जाडजूड याद्या तयार होत्या, पण माणसात चांगलं काय असू शकतं याची नीट यादी कोणी केली नव्हती. अमेरिकेतले दोन मानसशास्त्रज्ञ, ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन, यांनी ती २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या मोठमोठ्या परंपरा चाळल्या. ग्रीक, चिनी, ख्रिस्ती, इस्लामी, बौद्ध, आणि आपलीही. सगळीकडे ज्यांचा मान राखला जातो असे चोवीस गुण त्यांनी निवडले. कुतूहल, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, न्यायबुद्धी, क्षमा, सावधपणा, कृतज्ञता, विनोदबुद्धी वगैरे. विनोदबुद्धी त्या यादीत आहे हे ऐकून मागच्या बाकावरच्या मंडळींना बरं वाटेल.

आपल्यापैकी ज्यांनी गीतापठणाच्या स्पर्धेत भाग घेतला होता त्यांना सोळाव्या अध्यायाची सुरुवात आठवत असेल. तिथे अभयापासून सुरू होणारी दैवी संपत्तीच्या गुणांची यादीच आहे. आणि ज्ञानेश्वरीत माउलींनी त्यातल्या एकेका गुणावर थांबून दृष्टांतामागून दृष्टांत दिले आहेत. तेव्हा यादी ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. या दोघांनी वेगळं काय केलं, तर हे सगळे गुण प्रत्येकात कमी-जास्त असतात, त्यातले चार-पाच खास आपले असतात, आणि ते कोणते हे शोधता येतं, असं धरून चालले. गीतेची यादी वाचून आपण बहुधा मान खाली घालतो. या यादीकडे बघताना मात्र विचारायचं असतं की, यातलं माझ्याकडे आधीच काय आहे?

आता हे खास आपले गुण ओळखायचे कसे? त्यासाठी एक प्रश्नावली आहे, ती संगणकावर फुकट भरता येते. भरा जरूर. पण तिची एक अडचण सांगते. उत्तरं आपणच देतो, आणि आपण जसे आहोत त्यापेक्षा जसे असावंसं वाटतं तशी उत्तरं देण्याचा मोह कोणाला सुटलाय? दुसरी अडचण आपल्या पिढीची खास. निकाल हातात आला की आपली नजर आधी तळाकडे जाते. लाल शाईची सवय! चोविसावा गुण म्हणजे आपण नापास झालो, असं वाटतं. तसं ते नसतं. तो फक्त आपल्या हाताशी चटकन येणारा गुण नसतो.

त्यापेक्षा एक साधी खूण बघा. जे काम करून तुम्ही दमत नाही, उलट ताजेतवाने होता, आणि जे केल्यावर ‘यात काय विशेष?’ असं तुम्ही मनापासून म्हणता, तिथे तुमचा गुण दडलेला असतो. आणि ‘यात काय विशेष’ वाटतं म्हणूनच तो आपल्याला दिसत नाही. दुसऱ्यांना दिसतो. लहानपणी तर फारच लवकर दिसतो, फक्त तेव्हा त्याला गुण म्हणत नाहीत. टोपणनाव म्हणतात.

आपल्या वर्गातली टोपणनावं आठवा. सगळी नाही सांगत, बाई बसल्या आहेत. पण ‘भोंगा’, ‘हिशेबनीस’, ‘घाबरट’ आणि ‘वकील’ ही चार मी त्या-त्या माणसांच्या परवानगीने घेते आहे.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कोणी विसरू शकत नाही. आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांवर आलं तेव्हा गल्लीत सगळे गच्चीवरून पूर बघायला उभे होते. २००५ साली पाणी ज्या पायरीला टेकलं होतं त्याच्या वर ते चढत नाही, अशी प्रत्येकाची खात्री. आपला घाबरट मात्र एकटाच गाद्या बांधत होता. बायको चिडली, शेजारी हसले. त्याने आधी कागदपत्रं, मग शिलाई मशीन, मग खालच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या, असं सगळं त्याच संध्याकाळी विश्रामबागेत हलवलं. पुढे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तो कोणावरही ‘बघा, सांगत होतो ना’ म्हणून उलटला नाही, हे मला विशेष वाटतं. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी ती प्रश्नावली भरली तेव्हा सावधपणा हा गुण बहुतेक ठिकाणी तळाशी आला. दुर्मिळ माल आहे तो. आणि आपण त्याला दहा वर्षं ‘घाबरट’ म्हणत होतो.

विश्रामबागेकडच्या ज्या शाळेत लोक राहायला आले होते तिथे आपल्या हिशेबनीस बाई पोचल्या. शाळेत पेन्सिल उसनी दिली तरी वहीत नोंद करणारी मुलगी. तिने पहिल्या दिवशी एक दोनशे पानी वही घेतली. कोणाचं रक्तदाबाचं औषध, कोणाची गोळी कधी संपते, कोणत्या बाळाला कुठलं दूध. वीज नव्हती, तेव्हा इन्शुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं आणि त्याच्याही वेळा लिहिल्या. ट्रक भरून बिस्किटं येत होती, पण कोणाला काय हवंय हे फक्त त्या वहीला ठाऊक होतं. आणि आपला भोंगा? ज्याला आठवड्यातून तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं जायचं, तो जेवायला नकार देणाऱ्या आजोबांच्या शेजारी बसून तासन्‌तास बोलत होता. वाहून गेलेल्या म्हशीबद्दल. तिचं नाव काय, दूध किती द्यायची, कोणत्या बाजारातून आणली होती. चौथ्या तासाला आजोबांनी स्वतःहून भाकरी मागितली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात हे शिकवायला एक वर्ष घेतात.

भोंग्यावरून एक आठवण. सहावीत बाईंनी त्याला उठवून विचारलं होतं, “तुला एवढं बोलायचं असतं ना? मग चार दिवस जो गैरहजर आहे त्याच्या घरी जा आणि बोलून ये.” तो गेला, आणि त्या मुलाला घेऊनच आला. मुलगा वीटभट्टीवर जायला लागला होता. तेव्हापासून गैरहजर मुलांच्या घरी जाणं हे भोंग्याचं खातं झालं. बाई, तुम्ही तेव्हा पीटरसन आणि सेलिग्मन वाचले नव्हते, कारण त्यांनी अजून लिहिलंच नव्हतं.

हे ऐकायला छान वाटतं, पण पूर काही रोज येत नाही. रोज येतो तो सोमवार. आणि आपल्या वयात आता असे सोमवार यायला लागलेत की जायला कुठेच नसतं. इथे कितीतरी जण दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील, काही झालेही आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, तिकडे परदेशात. पदनामाची पाटी दारावरून उतरली की खाली भिंतीचा रंग वेगळाच दिसतो.

आपला वकील एसटीत होता. वाहतूक नियंत्रक. ‘वकील’ नाव का पडलं ते सांगायला नको, खो-खोचा निर्णय चुकला की हा सरांपुढे उभा. दोन वर्षांपूर्वी तब्येतीमुळे त्याला नोकरी लवकर सोडावी लागली. पहिले सहा महिने तो घराबाहेर पडेना. फोन केला तर म्हणायचा, “आता माझा काय उपयोग?” सगळ्यांनी सल्ले दिले. हास्यक्लब, भजनी मंडळ, बागकाम. तो आपला इमानाने प्रत्येक ठिकाणी आठ दिवस गेला आणि परत आला. जाणारच. हे सगळे दुसऱ्यांचे गुण होते, त्याला घालायला दिलेले. मापात बसत नव्हते.

मी त्याला एवढंच विचारलं की, डेपोत सगळ्यात समाधान कधी वाटायचं? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दिवाळीच्या गर्दीत, रांग मोडून घुसणाऱ्याला मागे धाडून एखाद्या म्हातारीला तिची जागा मिळवून दिली की.” बस. नोव्हेंबर होता. बँकेत पेन्शनर लोकांची हयातीच्या दाखल्यासाठी झुंबड उडते, तुम्हाला माहीत आहे. बोटांचे ठसे उमटत नाहीत, फॉर्म कळत नाही, या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. हा तिथे जाऊन उभा राहिला. आजही कोणाचं विधवा पेन्शन अडलंय, कोणाचं रेशनकार्डावरचं नाव गळलंय, अशा कामांत असतो. तब्येत तीच आहे, गोळ्या त्याच आहेत. पण फोनवर तो वाक्य आता मात्र पुरतं करत नाही. “ठेवतो, माणसं थांबलीत” म्हणतो.

याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात ५७७ माणसं होती. काहींना फक्त आपले मुख्य गुण ओळखायला सांगितलं. काहींना सांगितलं की, ओळखा आणि आठवडाभर रोज त्यातला एक गुण नव्या तऱ्हेने वापरा. नुसतं ओळखणाऱ्यांचा आनंद फार टिकला नाही. वापरणाऱ्यांपैकी अनेकांना सहा महिन्यांनंतरही बरं वाटत होतं, उदासी कमी झाली होती. ती सगळी माणसं स्वतःहून आनंदाच्या शोधात आलेली होती, हेही सांगायला हवं. जबरदस्तीने बसवलेल्यांवर काय परिणाम होतो ते अंताक्षरीनंतर तुम्हीच मला सांगा.

‘नव्या तऱ्हेने’ हे शब्द महत्त्वाचे. कारण गुण जुन्याच जागी तेवढाच वापरत राहिलो तर तो त्रासही देतो. प्रामाणिकपणा चांगला, पण तो रोज सुनेच्या आमटीवर वापरू नका. आणि इथल्या माझ्या मैत्रिणींना सांगते, दयाळूपणा आपल्यातल्या बहुतेकींच्या यादीत वर असणार. चाळीस वर्षं आपण तो सासर, माहेर, मुलं, आजारपणं यांच्यावर वापरला. या आठवड्यात एक दिवस तोच दयाळूपणा स्वतःवर वापरून बघा. दुपारी झोपा. कोणी विचारलं तर सांगा, प्रयोग चालू आहे.

आता काम. दाराशेजारच्या टेबलावर कोरी कार्डं ठेवली आहेत. प्रत्येकाने आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्यासाठी एक लिहायचं. ‘तू खूप छान आहेस’ असं लिहिलेलं चालणार नाही, ते ‘समाधानकारक’सारखंच झालं. गुण लिहा आणि तो तुम्हाला कधी दिसला तो प्रसंग लिहा. डब्यातली अर्धी पोळी असेल, परीक्षेच्या आदल्या दिवशी दिलेली वही असेल. टोपणनाव लिहिलं तरी चालेल, फक्त त्याच्यापुढे खरं नावही लिहा, म्हणजे गुणाचं.

आपल्यातले तीन जण आज नाहीत. त्यांची कार्डंही तिथे वेगळी ठेवली आहेत, नावं घालून. एकाचा मुलगा दुपारी जेवायला येणार आहे. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला त्यांचा हुद्दा माहीत आहे, फोटो माहीत आहे. वडील कबड्डीत हरल्यावर समोरच्या संघाला पाणी नेऊन द्यायचे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसेल. ते कार्ड आधी भरा.

पेनं कमी आहेत, आलटून-पालटून वापरा. आणि हिशेबनीस बाईंकडून घेतलं असेल तर परत करा, तिने लिहून ठेवलं आहे.