मत शोधताना



आजचा विषय मी साहित्याच्या कडेकडेचा घेतला आहे, याची मला कल्पना आहे. पण समोर लिहिणारे आहेत, शिकवणारे आहेत आणि शिकणारी मुलेही आहेत. आपण निवडून दिलेल्या माणसाने अमुक कायद्याच्या वेळी सभागृहात काय केले, हे या तिघांनाही कधी ना कधी शोधावे लागते. त्याने होकार दिला, नकार दिला, की उठून बाहेर गेला?

मी बरीच वर्षे इथे इंदुरात नागरिकशास्त्र शिकवले. अकरावीच्या मुलांना दरवर्षी हाच शोध प्रकल्प म्हणून देत असे. आठवड्याने मुले यायची ती हजेरीचे आकडे, विचारलेल्या प्रश्नांची संख्या आणि भाषणांच्या चित्रफिती घेऊन. मत मात्र क्वचितच कुणाच्या हाती लागे. त्यात मुलांच्या मेहनतीचा दोष नव्हता. बहुतेक वेळा शोधायला तिथे मत नसतेच.

हे जरा सविस्तर सांगतो. संसदेसाठी राज्यघटनेचा अनुच्छेद १०० आणि विधिमंडळासाठी अनुच्छेद १८९ एवढेच सांगतो की, निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने व्हावा. ते बहुमत मोजायचे कसे, हे सभागृहाच्या नियमांवर सोडले आहे. रूढ रीत आवाजाची. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात, बाजूचे लोक ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, ज्याचा आवाज मोठा वाटला त्याचे बहुमत जाहीर होते. कार्यवाहीत नोंद होते ती ‘प्रस्ताव मंजूर झाला’ एवढीच. कुणाचा घसा कोणत्या बाजूने उघडला, हे कागदावर उतरत नाही.

आवाजाचा कौल एखाद्या सदस्याला मान्य नसेल तर तो मतविभागणी मागू शकतो. महाराष्ट्रात याला सरळ ‘पोल मागणे’ म्हणतात. लोकसभेत मग घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी दारे बंद होतात, प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि सदस्य आपल्या जागेवरची बटणे दाबतात. ज्यांचे बटण चुकले किंवा चाललेच नाही, ते चिठ्ठीवर मत लिहून देतात. म्हणून फलकावरचा आकडा ‘दुरुस्तीस अधीन’ असतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला आकडा आणि छापील वादविवादातला आकडा यांत दोन-चारांचा फरक दिसला तर गोंधळू नका. छापील पानाच्या तळटिपेत चिठ्ठीवाल्यांची नावे असतात. शोधणाऱ्याने तळटीप वाचायला हवी, ही सवय साहित्याच्या अभ्यासकांना वेगळी शिकवायला नको.

नियम ३६७ मध्ये एक बारीक पळवाट मात्र आहे. मतविभागणी विनाकारण मागितली आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना नुसते उभे करून डोकी मोजू शकतात. तेव्हा आकडा मिळतो, पण नावे नोंदली जात नाहीत.

त्यामुळे शोधाचा पहिला प्रश्न ‘मत काय दिले’ हा नव्हे. ‘मोजणी झाली होती का’ हा आहे. घटनादुरुस्ती असेल तर निश्चिंत असा. तिला उपस्थितांच्या दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणून तिथे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे संमत झाले. ते दोघे कोण, हे आज शाळकरी पोरही सांगू शकते : हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबाद मतदारसंघाचे इम्तियाज जलील. मुस्लिम आणि ओबीसी स्त्रियांना त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांनी दिलेले कारणही नोंदलेले आहे. या दोन्ही शहरांत मराठी माणूस मोठ्या संख्येने आहे. ते मत कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण त्याविषयी त्यांच्याशी भांडता येते, कारण ते नावानिशी लिहिलेले आहे.

याउलट तिन्ही शेती कायदे आठवा. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत होते, गदारोळ चालला होता, आणि त्यांतली दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याचे विधेयकही दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानेच झाले. ज्या कायद्यांवरून देश ढवळून निघाला, ते करणाऱ्यांची आणि मोडणाऱ्यांची नावानिशी यादी कुठेच नाही.

आता घराजवळ येऊ. सुमित्राताई महाजन १९८९ पासून आठ वेळा इंदूरमधून निवडून गेल्या. २०१४ ते २०१९ या काळात इंदूरचे मत लोकसभेच्या याद्यांत शोधणाऱ्या मुलाला ते सापडत नाही, आणि तो घाईने ‘गैरहजर’ असे लिहून मोकळा होतो. ताई तेव्हा लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत. दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच निर्णायक मत देतात. यादीत नाव नाही याचा अर्थ दरवेळी वेगळा निघतो, तो असा.

ताई अध्यक्षस्थानी असतानाच २० जुलै २०१८ रोजी मोदी सरकारवरचा अविश्वास ठराव १२६ विरुद्ध ३२५ असा फेटाळला गेला. शिवसेनेचे खासदार त्या दिवशी मतदानापासून दूर राहिले. बाजूने नाही, विरोधात नाही, तटस्थाचे बटणही नाही. तटस्थ राहणाऱ्याचे नाव यादीत येते. सभात्याग केलेल्याचे किंवा न आलेल्याचे येत नाही. आपण मराठीत या तिन्हींना सर्रास ‘तटस्थ राहिले’ म्हणतो. लिहिणाऱ्यांनी तरी एवढी ढिलाई करू नये.

महाराष्ट्रात १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. भाजपचे १२२ निवडून आलेले, सभागृह २८८ चे. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, आणि शिवसेना व काँग्रेस पोल मागत राहिल्या. राष्ट्रवादीच्या ४१ सदस्यांनी त्या क्षणी ‘होय’ म्हटले, ‘नाही’ म्हटले, की तोंडच उघडले नाही, हे आज कुणीही कागदावरून सिद्ध करू शकत नाही. ४ जुलै २०२२ ला त्याच सभागृहात शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. तेव्हा कोण कुठे उभा होता, हे आख्ख्या राज्याने पाहिले.

आपल्या मध्य प्रदेशाची गोष्ट याहून बोलकी आहे. २३ जुलै २०१९ रोजी कर्नाटकात कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडले. दुसऱ्याच दिवशी भोपाळला फौजदारी कायद्यातल्या एका साध्या दुरुस्तीवर मतविभागणी झाली. विधेयकाच्या बाजूने १२२ मते पडली, आणि त्यांत मैहरचे नारायण त्रिपाठी व ब्योहारीचे शरद कोल हे भाजपचे दोन आमदार होते. त्या दुरुस्तीत कुणाला फारसा रस नव्हता. कमलनाथ सरकारला आपले बळ दाखवायचे होते, म्हणून मोजणी झाली. पुढच्या मार्चमध्ये मात्र, सर्वोच्च न्यायालयाने हात वर करून बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला आणि २० मार्च २०२० ला मुख्यमंत्र्यांनी त्याआधीच राजीनामा दिला. २४ मार्चला शिवराजसिंह चौहान यांनी काँग्रेसच्या गैरहजेरीत आवाजी मतदानाने विश्वास मिळवला. राज्यातले आख्खे सरकार बदलले, आणि त्याची मतयादी नाही. फौजदारी दुरुस्तीची आहे.

कुणी म्हणेल, यादी मिळून तरी काय होणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून मत पक्षादेशाचे असते, माणसाचे नसतेच. हे अर्धेच खरे आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेव्हा सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षातून काढले गेले. आदेश पाळलेला असला, तरी त्याखाली सही कुणाची, हे मतदाराला कळायला हवेच. आणि पक्षांना ते कळण्याची सोय आपण केलेली आहे. २००३ पासून राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. ज्यांनी त्याला आमदार केले त्या मतदारांना ती दिसत नाही. ही व्यवस्था मला उलट्या बाजूने शिवलेल्या सदऱ्यासारखी वाटते.

प्रत्येक विधेयकावर मोजणी केली तर कामकाज रखडेल, ही तक्रार जुन्या काळी रास्त होती. बटण दाबण्याच्या काळात ती तितकीशी टिकत नाही. विधानसभांत जिथे अजून डोकीच मोजावी लागतात, तिथे आधी यंत्रे मागायला हवीत.

भाषेच्या व्यासपीठावरून एक विनंती करतो. बातमी लिहिताना, इतिहास लिहिताना ‘विधेयक एकमताने संमत झाले’ हे वाक्य जपून वापरा. एकमत म्हणजे विरोधात कुणी नव्हते. आवाजी म्हणजे विरोध मोजला गेला नाही. बहुमताने म्हणजे मोजला, आणि कमी पडला. तीन वेगळ्या घटनांना एक शब्द लावला, की पुढच्या अभ्यासकाचा शोध तिथेच चुकीच्या दारात थांबतो.

आणि शिक्षकांना सांगतो, प्रकल्प बंद करू नका. फक्त त्याचा क्रम बदला. मुलांना आधी विधेयक संमत झाल्याची तारीख काढायला सांगा, मग त्या दिवसाचे छापील वादविवाद, मग ‘मतविभागणी’ हा शब्द आणि त्याखालची यादी, शेवटी तळटीप. यादी नसेल तर वहीत ‘मत आढळले नाही’ असे लिहू देऊ नका. ‘मत मोजले गेले नाही’ असे लिहायला सांगा, आणि त्या दिवशी सभागृहात मोजणी मागणारा कुणी होता का, त्याचे नाव त्याखाली.