पाण्यात गेलेला युरिया



पत्रिकेवर विषय छापला आहे : ‘दूषित पाण्यातील नायट्रेटचे उत्प्रेरकाद्वारे निर्मूलन’. संयोजकांनी दिला, मी घेतला. पण नायट्रेट ही घाण आहे हेच मला मान्य नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उठायचे असेल त्यांची पंख्याखालची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. (हशा)

नायट्रेट विहिरीत कुठून उतरते, पाणी उकळले तर ते जात का नाही, बाटलीच्या दुधात असले पाणी घातले तर तान्हे बाळ निळे का पडते, हे या सभागृहाला सांगायला नको. आपल्या मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातले तिसऱ्या हिश्शाहून अधिक नमुने तिच्या वर होते. वर्धा, बुलढाणा, अमरावतीकडच्या मंडळींनी तो वाचला असेलच. पुढे जाऊ.

नायट्रोजन आणि उत्प्रेरक यांची सोयरीक जुनी आहे, म्हणून दोनच मिनिटे 1909 सालात. 2 जुलै, जर्मनीतले कार्ल्सरूहे. फ्रिट्झ हाबर हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवणार, म्हणून बीएएसएफ कंपनीकडून कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश आले होते. ऐन वेळी यंत्राचा बोल्टच उडाला. बॉशला दुसरे काम होते, तो निघून गेला. मिटाश थांबला. दुरुस्ती झाली आणि अमोनिया थेंबाथेंबाने पडताना त्याने पाहिला. हाबरचा उत्प्रेरक होता ऑस्मियम, जगात मूठभर मिळणारा धातू. त्यावर कारखाना कसा चालणार? मग हा मिटाश स्वस्त पर्याय शोधायला बसला. हजारो प्रयोग केले. शुद्ध लोखंड काम देईना, आणि स्वीडनमधल्या खाणीचे एक मॅग्नेटाइट मात्र झकास चालले. का? तर ते अशुद्ध होते! त्यातल्या भेसळीनेच लोखंडाला जोर दिला होता. हाबरला नोबेल मिळाले, बॉशला मिळाले, मिटाशला नाही. आज आपल्या पोत्यातला युरिया त्याच्याच उत्प्रेरकाच्या वंशातला आहे, आणि पाठ्यपुस्तकात त्याचे नावही... बरे बरे, समोरच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिले. (हशा) दोन मिनिटांची दहा झाली खरी.

तर 1989 मध्ये जर्मनीतच फोरलोप आणि टाके या संशोधकांनी उलटा खेळ मांडला. ॲल्युमिनाच्या कणांवर पॅलॅडियम आणि तांबे बसवायचे, पाण्यात हायड्रोजन सोडायचा. ना भट्टी, ना मोठा दाब. तांबे नायट्रेटचा एक ऑक्सिजन काढून त्याचे नायट्राइट करते आणि पुढचे काम पॅलॅडियम उरकते. तिथे नायट्रोजनचे दोन अणू शेजारी भेटले तर नायट्रोजन वायू होऊन हवेत जातात. एकटा अणू हायड्रोजनच्या गर्दीत सापडला तर त्याचा अमोनिया. शिवाय पाणी आम्लारिधर्मी होत जाते आणि त्याने अमोनिया वाढतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडून ते आवरावे लागते.

सगळी मेख या अमोनियात आहे. लिटरला 100 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण साडेबावीस मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला पाचच टक्के अमोनियाकडे वळला तरी एक मिलिग्रॅमच्या वर जातो, आणि पिण्याच्या पाण्यात अमोनियाची आपली मर्यादा अर्धा मिलिग्रॅम! संशोधकांनी तांब्याऐवजी कथील लावून पाहिले, इंडियम लावून पाहिले, ध्यास एकच, अमोनिया नको. मी म्हणतो, का नको? प्रचंड ऊर्जा जाळून आपण अमोनिया करतो, त्याचा युरिया शेतात ओततो, तो नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो, आणि आता पुन्हा पैसे मोजून त्याला हवेत सोडायचे?

मागून कुणीतरी म्हणाले, ‘सर, इतक्या पातळ पाण्यातून काढणार किती?’ प्रश्न बरोबर आहे, पण रागावू द्या जरा. (हशा) नळाच्या पाण्यातून काढा असे मी म्हणतच नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनच्या टाकीत नायट्रेट अडते, रेझिन मिठाच्या पाण्याने धुतात, आणि त्या खारट पाण्यात ते दाट होऊन उतरते. ते आज कुठेतरी सोडून देतात. उत्प्रेरक तिथे बसवा. अमोनिया झाला तर होऊ द्या, हवेने उडवून गंधकाम्लात धरा, अमोनियम सल्फेट हे खतच आहे. पॅलॅडियम महाग आहे, गंधकाच्या संयुगांनी मरते, ठाऊक आहे. ऑस्मियमही महागच होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटे. म्हणजे विद्युत-उत्प्रेरणाचा भाग गेला. तो छापील प्रतीत घालतो म्हणालो असतो, पण संपादकही इथेच बसले आहेत. (हशा)

शेतकरी मित्रांसाठी एकच हिशोब. विहिरीच्या पाण्यात लिटरला 100 मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी दिले, तर त्या एका पाळीत दहा किलो युरियाइतका नायट्रोजन शेतात पडतो. सगळा पिकाला लागत नाही, पण उसाच्या पाळ्या किती होतात ते तुम्ही मोजा. इथे उत्प्रेरकही लागत नाही. पावसाळ्यापूर्वी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, आणि खताची पोती त्यानंतर सांगा. अहवालातला आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा, तेवढे विचारून घ्या. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक पडतो.