'जगताप' नावाचे नारळीकर
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सांस्कृतिक समितीने विषय विचारला, तेव्हा मी लगेच सांगितलं, डॉ. जयंत नारळीकर. शास्त्रज्ञ म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. मी आज बोलणार आहे कथा-कादंबरीकार नारळीकरांबद्दल.

जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. पुढे केंब्रिजला फ्रेड हॉएल हे गुरू भेटले. हॉएल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत. म्हणजे लेखनाचा वारसा गुरूकडूनही आला म्हणायचा! १९६५ साली, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, पद्मभूषण मिळालं. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण 'नारायण विनायक जगताप' या नावाने. 'जयंत विष्णू नारळीकर' याची आद्याक्षरं उलटी करून बघा, मुलांनो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं, ते 'जगतापां'ना! नावाचं वजन त्यांना नको होतं, कथेचं वजन हवं होतं.

पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' अशी पुस्तकं आली. मला स्वतःला सर्वांत आवडते ती पानिपतावरची कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. का? तर विश्वासरावांना लागायची ती गोळी थोडक्यात हुकली! आपण सगळेच 'असं झालं असतं तर' म्हणून हळहळतो. नारळीकर तिथे न थांबता त्याला भौतिकशास्त्राची जोड देतात. ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही गेली.

१९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका उभी केली. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही. २० मे २०२५ रोजी ते गेले.

आता थोडं घरचं बोलतो. ऑफिसातलं पुस्तकांचं कपाट काढून तिथे पार्सलसाठी रॅक करायचा, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. पार्सलं वाढलीत, वॉचमनची अडचण होते, हे मला पटतं. 'कोणी वाचत नाही' हेही बरंचसं खरं आहे. पण विज्ञान मराठीतून, गोष्टीतून सांगता येतं, हे दाखवायला एवढ्या मोठ्या माणसाने वेळ काढला. ती पुस्तकं आपल्या मुलांच्या हाताशी नसतील, तर ती कुणासाठी लिहिली?

रॅक जिन्याखालीही बसेल. कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या, रविवारी सकाळी तासभर मी बसेन. आणि मुलांनो, प्रश्न घेऊन या. उत्तर नाही आलं, तर आपण मिळून शोधू.