कानांनीं वाचलेलीं पुस्तकें



पुस्तक डोळ्यांनीं वाचावयाचें आणि भाषण कानांनीं ऐकावयाचें, ही वांटणी आपण इतकी गृहीत धरली आहे कीं, "परवां मीं अमुक एक पुस्तक ऐकलें" असें कोणी म्हटलें म्हणजे अजूनहि पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. ऐकलेलें पुस्तक म्हणजे वाचलेल्या पुस्तकाचें धाकटें आणि कांहींसें आळशी भावंड, असा त्यांचा ग्रह असतो. ज्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या पोथी ऐकली, पुराण ऐकलें, कीर्तन ऐकलें, त्या समाजांत श्रवणाला असा कमीपणा यावा हें नवलच म्हटलें पाहिजे. परंतु तो वाद आज मला घालावयाचा नाहीं. ज्यांना ऑडिओबुक म्हणतात तीं श्राव्य पुस्तकें मी गेलीं कांहीं वर्षें नेमानें ऐकत आलों आहें, आणि त्यांतहि दोन प्रकार विशेष आवडीनें ऐकले. एक, नामांकित स्त्रीपुरुषांचीं आत्मचरित्रें. आणि दुसरा, रहस्यकथा. एक आत्मचरित्र संपलें कीं एक रहस्यकथा, असा हा क्रम चालला असतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. या दोन प्रकारांचीं श्रोत्याकडे मागणीं अगदीं उलट असतात. पहिला म्हणतो, "माझ्यावर विश्वास ठेव." दुसरा म्हणतो, "कोणावरहि विश्वास ठेवूं नकोस." आणि दोघांचें साधन मात्र एकच, कानाशीं बोलणारा माणसाचा आवाज! त्या आवाजावर कितपत विसंबावें, याविषयीं दोन शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

बोलक्या पुस्तकाची कल्पना नवी नाहीं. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, आणि पुढच्याच वर्षीं 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकांत त्याच्या उपयोगांची जी यादी दिली, तींत अंधांना विनासायास ऐकतां येतील अशा पुस्तकांचा उल्लेख केला. ती कल्पना प्रत्यक्षांत यावयास अर्धशतकाहून अधिक काळ लोटावा लागला. इंग्लंडांत १९३५ सालीं अंधांसाठीं बोलक्या पुस्तकांची योजना सुरू झाली. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावून बसलेले सैनिक तिच्या चालकांच्या डोळ्यांपुढें होते. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें २५ मिनिटांचें वाचन मावत असे. या योजनेंतील अगदीं पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' ही १९२६ सालची रहस्यकथा होती. या कथेंत गांवांतील एक डॉक्टर घडलेली हकीकत आपल्या तोंडानें सांगतो. ज्यांनीं ती वाचली आहे त्यांना माझें म्हणणें कळेल. ज्यांनीं वाचली नाहीं त्यांचा आनंद मी हिरावून घेणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, सांगणाऱ्याच्या शब्दावर ऐकणाऱ्यानें किती भरंवसा ठेवावा, हा प्रश्न बोलक्या पुस्तकाच्या बरोबरच जन्माला आला.

आतां आत्मचरित्रांकडे वळूं. छापील आत्मचरित्रांत लेखक आणि वाचक यांच्यामध्यें कागदाचा एक पडदा असतो. लेखक स्वतःच वाचूं लागला म्हणजे तो पडदा नाहींसा होतो. श्वास कोठें अडखळला, हंसूं कोठें मनापासूनचें आहे, कोणतें नांव घाईघाईनें उच्चारून टाकलें, हें सारें कानाला कळतें. 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेंतील विनोदी नट मॅथ्यू पेरी यांचें आत्मचरित्र १ नोव्हेंबर १९२२ चें नव्हे, तर अगदीं अलीकडचें, १ नोव्हेंबर २०२२ चें आहे. आणि तें त्यांनीं स्वतःच वाचलें आहे. व्यसनानें आपल्या आयुष्याची कशी धूळधाण केली आणि आपण मृत्यूच्या दारांतून कसे परत आलों, याची ती हकीकत. आपण वास्तविक आज जिवंत असावयास नको होतें, असें ते आरंभींच सांगतात. पुस्तक निघाल्यावर वर्षहि पुरें झालें नाहीं तोंच, २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं, ते वारले. हें पुस्तक मीं त्यांच्या मृत्यूनंतर ऐकलें. छापील पानावरचा विनोद लेखकाच्या मागें सुखरूप राहतो. परंतु गेलेल्या माणसाच्या थकल्या, जड झालेल्या आवाजांतून तोच विनोद ऐकूं येऊं लागला म्हणजे हंसावें कीं नाहीं, हें समजेनासें होतें. स्वयंपाकघरांत भाजी चिरतां चिरतां मी ऐकत असें. कित्येक वेळां सुरी हातांतच राहिली.

याच्या उलट टोंकाचा अनुभव बार्बरा स्ट्रायसंड यांच्या 'माय नेम इज बार्बरा' या २०२३ मधील आत्मचरित्राचा. छापील पुस्तक नऊशें पानांहून मोठें, आणि बाईंचें स्वतःचें वाचन ४८ तासांचें! रोज एक तास ऐकलें तरी दीड महिना पुरावें. बाई मधून मधून छापील मजकूर बाजूला ठेवतात आणि आठवलें तें सांगत सुटतात. पुराणिकबुवा पोथी मिटून आडकथेंत शिरावेत तसाच हा प्रकार. वाचकाला पान उलटतां येतें. श्रोत्याला माणसाला मध्येंच तोडणें जिवावर येतें. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बाई मला पाहुण्या न वाटतां शेजारीण वाटूं लागल्या. त्यांचें सगळेंच मला पटलें असें नाहीं. पण शेजारणीचें तरी सगळें कोठें पटतें?

येथेंच एक धोका आहे. आवाजाचा लळा लागला कीं चिकित्सा मंदावते. इंग्लंडचे राजपुत्र हॅरी यांचें 'स्पेअर' हें पुस्तक जानेवारी २०२३ मध्यें आलें. सुमारें साडेपंधरा तासांचें तें वाचन त्यांनीं स्वतः केलें आहे. आईच्या मृत्यूविषयींचा भाग ऐकतांना कोणाचेंहि मन हेलावेल. परंतु या पुस्तकाची शब्दरचना जे. आर. मोरिंगर या कसलेल्या लेखकाच्या हातची आहे, ही कांहीं गुप्त गोष्ट नव्हे. त्यांनीं स्वतःच त्या कामाविषयीं पुढें लिहिलें. म्हणजे दुःख एकाचें, वाक्यें दुसऱ्याचीं, आणि आवाज पुन्हां पहिल्याचा! हें अप्रामाणिक आहे असें मी म्हणत नाहीं. मात्र वाक्याचा डौल आणि आवाजाचा कंप हीं दोन्ही एकाच हृदयांतून निघालीं आहेत असें कान समजतो, आणि त्या समजुतींत भावाच्या किंवा बापाच्या बाजूलाहि कांहीं म्हणावयाचें असेल हें विसरून जातो.

आपल्याकडे याचें एक विलक्षण उदाहरण आहे. चित्रपटनटी हंसा वाडकर यांच्या आठवणी त्यांनीं अरुण साधू यांना सांगितल्या, त्या 'माणूस' मधून प्रसिद्ध झाल्या आणि १९७० सालीं 'सांगत्ये ऐका' या नांवानें पुस्तकरूप झाल्या. त्यांच्या १९५९ मधील गाजलेल्या चित्रपटाचेंच हें नांव. नांवांतच श्रवणाचें आमंत्रण आहे. परंतु आपल्या हातीं आलें तें छापील पुस्तक, आणि पुढच्याच वर्षीं हंसाबाई निवर्तल्या. अलीकडचीं आत्मचरित्रें ऐकतांना मला वारंवार वाटतें कीं, तें सांगणें मूळ आवाजांत ऐकावयास मिळतें तर! आणि लगेच दुसरा विचार येतो: त्या सडेतोड गद्यांत आवाज नसूनहि ऐकूं येतो. जें पुस्तक कागदावरहि बोलतें, त्याला आवाजाच्या शिफारशीची गरज नसते.

कधीं कधीं तर आवाज न देण्यांतच सत्य अधिक असतें. गायिका ब्रिटनी स्पिअर्स यांचें 'द वुमन इन मी' हें आत्मचरित्र ऑक्टोबर २०२३ मध्यें निघालें. त्याची प्रस्तावना तेवढी त्यांनीं वाचली. त्या आठवणी पुन्हां जगणें आपणांस फार जड गेलें, असें कारण सांगून बाकीचें पुस्तक मिशेल विल्यम्स या अभिनेत्रीवर सोंपविलें. २००८ पासून २०२१ पर्यंत तेरा वर्षें जिचे पैसे, करार आणि दिनक्रम न्यायालयाच्या हुकुमानें दुसऱ्यांच्या ताब्यांत होते, त्या बाईनें आपली कहाणी बोलण्यासाठीं दुसरीचा गळा उसना घ्यावा, हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण या वेळीं हा निर्णय तिचा स्वतःचा होता. ती प्रस्तावना संपून दुसरा आवाज सुरू होतो, त्या क्षणीं मला जो चटका बसला, तो पुढच्या कोणत्याहि प्रकरणानें बसला नाहीं.

आतां रहस्यकथा. येथें वाचणारा नट भाडोत्री असतो आणि त्याचें काम मोठें बिकट असतें. शेवट त्याला ठाऊक असतो, पण तो आवाजांत उतरूं द्यावयाचा नसतो. गिलियन फ्लिन यांच्या 'गॉन गर्ल' या २०१२ मधील कादंबरींत नवऱ्याचीं प्रकरणें एक नट वाचतो आणि बायकोची दैनंदिनी ज्युलिया व्हेलन ही अभिनेत्री. दोघेहि इतके मनमोकळे बोलतात कीं, आपण न्यायाधीशाच्या खुर्चींतून उठून केव्हां एकाचे आणि केव्हां दुसरीचे वकील होतों हें कळत नाहीं. पॉला हॉकिन्स यांच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन' मध्यें तीन स्त्रियांसाठीं तीन निराळे आवाज योजले आहेत. त्यांतील एक मद्यपी आहे. त्या रात्रीं काय घडलें हें तिचें तिलाच आठवत नाहीं. छापील पानावर अशा बाईचा आपण चटकन् संशय घेतों. परंतु तिचा चांचरता स्वर कानांत आला कीं संशयाच्या जागीं कींव येते, आणि लेखिकेला नेमकें तेंच हवें असतें.

श्राव्य रहस्यकथेचे दोष सांगितले पाहिजेत. मागचें पान उलटून धागा तपासतां येत नाहीं. एकाच पुरुषानें म्हातारी, मोलकरीण आणि फौजदार या तिघांचे आवाज काढूं लागलें म्हणजे खून बाजूला राहून नकलांचा कार्यक्रम सुरू झाल्यासारखें वाटतें. आणि एखाद्या किरकोळ पात्राला वाचणाऱ्यानें गरजेहून अधिक गोड आवाज दिला कीं धूर्त श्रोता तेथेंच गुन्हेगार ओळखतो! पण एक मोठा गुणहि आहे. शेवटचें पान आधीं चोरून पाहण्याची संवय येथें चालत नाहीं. यंत्राची गति वाढवून दीडपट वेगानें ऐकण्याची सोय आहे खरी. रहस्यकथेच्या बाबतींत ती मी निःसंकोच वापरतों. आत्मचरित्राला मात्र ती लावण्याचें मला धाडस होत नाहीं. समोरचा माणूस आपलें दुःख सांगत असतां "जरा लवकर आटपा" म्हणण्यासारखें तें वाटतें.

या दोन प्रकारांची आलटून पालटून संगत केल्यानें माझ्या कानाला एक वळण लागलें आहे. रहस्यकथेनें शिकविलें कीं प्रांजळ स्वर हा पुरावा नव्हे. कुशल नट तो पैसे घेऊन काढूं शकतो. आत्मचरित्रानें शिकविलें कीं सगळेच स्वर नाटकी नसतात; पुराव्याची वही मिटून ऐकावें असेंहि एखादें बोलणें असतें. केवळ पहिला धडा घेतला तर माणूस संशयी होतो, केवळ दुसरा घेतला तर भोळा. आजकाल घरांत, गाडींत, फिरावयास जातांना कोणीना कोणी सतत आपल्या कानांत बोलत असतो. तेव्हां हे दोन्ही धडे आपणांस लागणार आहेत. २०१७ पासून 'स्टोरीटेल'वर मराठी पुस्तकेंहि ऐकावयास मिळूं लागलीं, म्हणजे हा प्रश्न आतां केवळ इंग्रजी वाचणाऱ्यांचा राहिलेला नाहीं.

माझ्यापुरता मीं एक नियम केला आहे. ज्या आत्मचरित्रानें ऐकतांना डोळ्यांत पाणी आणलें, त्यांतील तें प्रकरण आठ दिवसांनीं छापील पुस्तकांत काढून शांतपणें वाचावयाचें. आवाज वजा जातां जें उरतें, तें लेखकाचें खरें धन. बहुतेक वेळां कांहींतरी कमी भरतें. पण क्वचित् कांहींच कमी भरत नाहीं. आणि त्या दिवशीं आपल्या कानानें योग्य माणसावर विश्वास टाकला, याचें समाधान कांहीं निराळेंच असतें.