लक्ष वाती आणि एक मुका जीव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्याख्यान देण्याची मला सवय नाही. आजवर मी या व्यासपीठाच्या मागच्या बाजूलाच वावरले. सतरंज्या मोजून घेतल्या, कॉफीचे कप विसळले. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही बोला." मी म्हटले, "मला फक्त एका कुत्रीची हकीगत ठाऊक आहे." त्या म्हणाल्या, "मग तीच सांगा." म्हणून मी उभी आहे. ही हकीगत आपल्याच गल्लीतली असल्यामुळे काही जणींना ती रुचणार नाही. सांगायला मलाही संकोच वाटतो, कारण तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

तांबडी तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर ती बसलेली असे. उरलीसुरली पोळी कुणीतरी टाकी, ती खाई. कुणाच्या अंगावर गेल्याचे मला स्मरत नाही. 2024 सालची आषाढी एकादशी होऊन तीन-चार दिवस झाले होते. रात्री सव्वाअकराच्या सुमारास पावसात कुत्र्याचे केकाटणे ऐकू आले. मी खिडकीशी गेले. दिव्याच्या खांबापाशी एक माणूस लोखंडी सळईने तांबडीला मारीत होता. तिच्या गळ्यात तार होती व ती खांबाला बांधलेली होती. मी किती वेळ पाहिले कोण जाणे, फार नसेल. मग मी खिडकी लावून घेतली. सासूबाईंनी विचारले, "काय गं?" मी म्हटले, "काही नाही, कुत्री भांडताहेत."

भगिनींनो, ही माझी खिडकी झाली. त्या रात्री आणखी कितीतरी खिडक्या लागल्याचा आवाज मी ऐकला आहे.

पुढचे दोन दिवस तांबडी दिसली नाही. गिरणीची पायरी रिकामी आहे हे माझ्या लक्षात आले होते, पण मी त्या बाजूने जायचेच टाळले. तिसऱ्या दिवशी सकाळी कचरा गोळा करणाऱ्या बाई ओरडू लागल्या, म्हणून आम्ही खाली गेलो. गटाराच्या मोठ्या नळामागे ती पडलेली होती. मागचा डावा पाय मोडून हाड बाहेर आले होते. जबडा एका बाजूला लोंबत होता. गळ्यातली तार मांसात रुतली होती आणि जखमांत किडे पडले होते. आपण सगळ्या नाकाला पदर लावून उभ्या होतो. त्या बाईंनी मात्र डोक्याचे फडके सोडून तिच्यावर पांघरले, आणि आपल्या मोबाईलवरून प्राण्यांच्या आश्रयस्थानाला फोन केला. तो नंबर त्यांच्याजवळ होता; आपल्यापैकी एकीजवळही नव्हता.

आश्रयस्थानाची गाडी यायला दोन तास लागले, कारण सगळ्या शहराला ती एकच गाडी. दोन तरुण मुले उतरली. एकाने आधी पट्टीने तिचे तोंड अलगद बांधले. दुखऱ्या जनावराला आपलेतुपले कळत नाही, ते चावते. त्यात त्याचा दोष नसतो. मग दोघांनी चादर अंथरून तिला न मुरडता तीवर सरकवले आणि झोळीसारखे उचलले. "बरोबर कोण येणार?" असे त्यांनी विचारले. कुणी पुढे येईना, तेव्हा मी गाडीत बसले. हे धैर्याने केले असे समजू नका. घरी जाऊन त्या खिडकीसमोर उभे राहणे मला अधिक कठीण वाटले.

आश्रयस्थान म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. पत्र्याच्या शेडी, सिमेंटचे कप्पे, फिनेलचा वास आणि अखंड भुंकणे. मला वाटले होते की डॉक्टर ताबडतोब शस्त्रक्रिया करतील, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज हिला भूल दिली तर ही उठणार नाही. आधी हिला जगवू, मग पायाचे पाहू." त्यांनी सलाईन लावले, वेदना कमी होण्याचे व जंतू मारण्याचे औषध टोचले, उबेसाठी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. तार कापून काढायला पाऊण तास लागला. किडे चिमट्याने एकेक वेचले आणि जखमा सलाईनने धुतल्या. जबडा लोंबतो, लाळ गळते, ही पिसाळल्याचीही लक्षणे असू शकतात. म्हणून पहिले दहा दिवस सर्वांनी हातमोजे घातले आणि तिला वेगळे ठेवले. एक्स-रे काढल्यावर मात्र जबड्याचे हाड मोडल्याचे स्पष्ट दिसले.

पाचव्या दिवशी पाय काढला. मी फार हळहळले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितले की हाड उघडे पडून सडू लागले की ते विष सगळ्या अंगात भिनते. शिवाय कुत्र्याच्या शरीराचा अधिक भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी ते धावूदेखील शकते. "पाय गेल्याचे दुःख माणसाला पाहवत नाही," त्या म्हणाल्या, "कुत्र्याला फक्त ठणका कळतो. तो थांबला की ते उठते." आणि खरोखरच, तिसऱ्या दिवशी ती भिंतीच्या आधाराने तीन पायांवर उभी राहिली.

जबड्याला मात्र वेळ लागला. तोंड थोडेसेच उघडेल अशी पट्टी बांधलेली होती. मऊ भाताची पेज आणि कोंबडीचे पाणी पिचकारीने थेंब थेंब द्यायचे. उपाशी जीवाला एकदम पोटभर घालायचे नाही, हे मला तिथेच कळले. थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. मी ब्राह्मणाच्या घरातली सून, चातुर्मासात कांदालसूणसुद्धा न शिवणारी. पण ते कोंबडीचे पाणी मी माझ्या हाताने गाळले. घरी सांगितले नव्हते. आज सासूबाई समोर बसल्या आहेत, त्यांना आत्ताच कळते आहे. त्या क्षमा करतील.

अंगाच्या जखमा भरत आल्या, पण मन काही उघडेना. माणसाची चाहूल लागली की ती कोपऱ्यात तोंड घालून थरथरत असे, जागच्या जागी लघवी करीत असे. समोर कुणी असेल तर खात नसे. तिथे काम करणारा एक मुलगा मला म्हणाला, "काकी, तिच्याकडे पाहू नका. हात पुढे करू नका. पाठ करून बसा आणि आपले काहीतरी काम करीत राहा." काम म्हणाल तर माझा त्या वर्षी लक्ष वातींचा नेम होता. रोज दुपारी मी कापसाची पिशवी घेऊन जाई, तिच्या कप्प्यात पाठमोरी बसे आणि वाती वळीत राही. तोंडाने हळूहळू मोजीत असे, एवढाच आवाज. पहिल्या दिवशी काही झाले नाही; आठव्या दिवशीही नाही. एकदा मला वाटले, हा कसला खुळेपणा! घरी धुणे पडले आहे आणि आपण इथे कुत्रीला पाठ दाखवून बसलो आहोत. अकराव्या दिवशी कोपराला काहीतरी थंड, ओले लागले. ते तिचे नाक होते. मी वळले नाही. हातातली वात मोडली, मोजणीही चुकली. तिने कापसाचा वास घेतला, माझ्या पदराचा घेतला आणि पुन्हा कोपऱ्यात गेली. त्या दिवशी प्रथमच तिने माझ्यासमोर खाल्ले.

या हकीगतीचा अर्थ एवढाच घेऊ नका की प्रेमाने सर्व काही बरे होते. तसे होत नाही. त्याच महिन्यात शेजारच्या कप्प्यातली दोन पिल्ले गेली; एका म्हाताऱ्या कुत्र्याला वेदना आवरेनात म्हणून शांतपणे झोपवावे लागले. तांबडीला मी घरी आणले. पण अजूनही कपडे वाळत घालण्यासाठी मी काठी उचलली की ती पलंगाखाली शिरते. म्हणून आमच्याकडे आता धुणे दोरीवर वाळते.

दयेचे धडे आपल्याला नवे नाहीत. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण मुलांना सांगतो. तहानेल्या गाढवाच्या मुखी काशीची कावड रिती करणारे नाथमहाराज आपले आहेत. दत्तगुरूंच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण रोज हळदकुंकू वाहतो. मुंबईत 1832 साली कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती. परळला जनावरांचे जे इस्पितळ आहे, तेही एका स्त्रीच्या, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे. ज्याला आपण आश्रयस्थान म्हणतो तो उद्योग बहुतांशी बायकांनीच आरंभलेला आहे. लंडनमध्ये 1860 साली मेरी टील्बी या बाईंनी बेवारशी कुत्र्यांसाठी पहिले घर काढले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची टवाळी केली. तीच संस्था 1871 साली बॅटर्सीला गेली आणि आजही चालू आहे. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मुक्या प्राण्यांसाठी विधेयक मांडले. पुढे 1960 साली क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि 1962 साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. भरतनाट्यमसाठी आपण त्यांना ओळखतो. हे काम मात्र विसरतो.

त्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. आजही तेवढाच. आपली भेळ त्याहून महाग पडते. तथापि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाप्रमाणे जनावराला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा आहे, परंतु त्याला साक्षीदार लागतो. आश्रयस्थानाने तक्रार केली तेव्हा विचारणा झाली, "पाहिले कुणी?" गल्लीत कुणीही पाहिलेले नव्हते. महिनाभर मीही पाहिलेले नव्हते. ज्या दिवशी तिचे नाक माझ्या कोपराला लागले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाऊन जबानी दिली. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्या माणसाचे नाव मी घेत नाही. त्यानंतर काही घरांतून मला हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. "एका कुत्रीपायी शेजारधर्म मोडला," असे म्हटले गेले. मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्या रात्री खांबापाशी कुत्रीच्या ऐवजी एखादी बाई असती, तर खिडकी उघडली असती का? मला खात्री देता येईना. मार खाणाऱ्याचा आवाज आला की खिडकी लावायची, ही सवय एकदा हाताला लागली की मग मार कोण खातो आहे, हे हात पाहत नाही.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांना मी नावे ठेवीत नाही. आपल्यातल्या एकीच्या नातवाला कुत्रे चावले होते. तिच्या काळजाचे पाणी झालेले मी पाहिले आहे. चावा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद, तिखट, चुना भरू नये. पिसाळरोग एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. पण मारझोडीने भीती जात नाही. मार खाल्लेले कुत्रेच अधिक चावते. नसबंदी आणि लस हाच मार्ग आहे. ज्या कुत्र्याच्या कानाला लहानशी खाच दिसेल त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे.

मंडळाने फार मोठे काही करावे असे माझे म्हणणे नाही. जुन्या चादरी, टॉवेल, सुती साड्या आश्रयस्थानाला सदैव हव्या असतात. बोहारणीला देण्याआधी त्यांची आठवण ठेवा. जखमी जनावराला आपल्या डब्यातली तापाची, दुखण्याची गोळी कधीही देऊ नका; ती त्याचा जीव घेऊ शकते. आश्रयस्थानाचा नंबर मी आज मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिला आहे, तो पुसू नका. आणि ज्यांनी तो फोन प्रथम केला त्या कचरेवाल्या बाईंना मी आज मुद्दाम बोलावले आहे. त्या मागे दाराशी उभ्या आहेत. त्यांना पुढे खुर्ची द्यावी, अशी माझी अध्यक्षाबाईंना विनंती आहे.

तेवढे झाले की माझे भाषण संपले.