दीडशे अक्षरांची जागा

बारावीनंतर मुलाला पदवीसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरलं, की हल्ली घरात एक नवा घोर लागतो: इंटर्नशिप कुठे मिळेल? काही पालक त्यासाठी पैसेही मोजतात. काम करायला जायचं आणि वर फी भरायची, हा व्यवहार माझ्या तरी पचनी पडत नाही.

हा घोर लागतो तो प्रवेश अर्जापायी. 'कॉमन ॲप' हा तिथला सामाईक अर्ज. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून तो सुरू केला, आज तो हजारावर कॉलेजांना चालतो. अभ्यासाबाहेर काय केलं हे सांगायला त्यात १० जागा, आणि प्रत्येक जागेत वर्णनाला फक्त १५० अक्षरं. आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, तेही भरायचं. नामांकित कंपनीचं नाव लिहून झाल्यावर, तिथे नुसतंच बसून आलेला मुलगा पुढे काय लिहिणार?

समजा, भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये अकरावीतली मुलगी सुट्टीभर गेली. मशीनला तिला हात लावू देणार नाहीत, आणि ते योग्यच. पण व्हर्नियरने जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, मोजायचे, नापास जॉबची नोंद ठेवायची, हे ती करू शकते. ठरावीक पाळीतच माप का चुकतं, असा प्रश्न तिला त्या नोंदींतून पडला, तर अर्जासोबतच्या निबंधाला विषय मिळाला. दीडशे अक्षरं तर अपुरीच पडतील. आणि तेल, आवाज, उकाडा यांनी ती वैतागली, इंजिनिअरिंग नकोच म्हणाली, तरी उत्तम. डॉलरमध्ये फी भरण्याआधी कळलं!

ज्यांना अशी सोयच नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. त्याच अर्जात पगारी कामाला आणि घरच्या जबाबदाऱ्यांनाही जागा आहे. २०१६ साली हार्वर्डमधून निघालेल्या 'टर्निंग द टाइड' या अहवालानेही कॉलेजांना सुचवलं, की लांबलचक याद्यांना भुलू नका आणि घराला हातभार लावणाऱ्या मुलांची कदर करा. वडिलांच्या दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या मुलाने ते संकोच न करता लिहावं.

राहिला वेळेचा प्रश्न. अर्ज १ ऑगस्टला खुला होतो, लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास संपते. म्हणजे अकरावीनंतरची सुट्टी हीच हाताशी असलेली शेवटची मोठी सुट्टी. वर्कशॉपच्या मालकांना फेब्रुवारीतच विचारून ठेवा. मे-जूनमध्ये त्यांच्याकडे डिप्लोमाच्या मुलांची रीघ लागते.