सूर्यराजा आणि शेटजी

मॅट्रिकच्या पुस्तकात चौदावा लुई म्हणजे नुसता व्हर्सायचा झगमगाट. बिल कुणी भरलं ते पुस्तकात नव्हतं. ‘ताय’ नावाचा कर होता. सरदारांना माफ, पाद्र्यांना माफ. भरायचा कुणब्यानं.

१६६१ साली लुईनं कारभार हातात घेतला. मंत्री कोल्बेर, व्यापाऱ्याचं पोर. १६६४ला त्यानं ईस्ट इंडिया कंपनी काढली. भांडवलात खुद्द राजाचा मोठा वाटा. तिच्यासाठी लोरियां बंदर वसवलं. म्हणजे सरंजामदार मेला न् शेटजी जन्मला, इतकं सरळ नाही ते. शेटजीला राजानंच बोट धरून चालवलं.

लढाईच्या खर्चापायी तंबाखूवर, स्टँपपेपरवर कर बसले. १६७५ला ब्रिटनीतले शेतकरी लाल टोप्या घालून उठले. लष्कर आलं, माणसं फासावर गेली.

आणि १६८५चा ‘कोड न्वार’, काळा कायदा! मळ्यातला गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता, हे कायद्यातच लिहिलं. त्याच्या घामाची साखर फ्रान्सच्या धक्क्यांवर उतरायची. तो महिनाभर पळून राहिला तर कान कापायचे, खांद्यावर डाग द्यायचा. तिसऱ्यांदा पळाला तर मरण. डाग कसला? लिलीच्या फुलाचा. राजाचंच चिन्ह ते.